तुम्ही विचारलंत म्हणून: ॲड ब्लॉकर लावता, मग वर पैसे कशाला देता?

सोलापूरच्या नवी पेठेत माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, पीसी दुरुस्त करून देताना मी गिऱ्हाईकाला विचारून ब्राउझरमध्ये ॲड ब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं छोटं सॉफ्टवेअर, टाकून देतो, आणि स्वतः मात्र यूट्यूबवरच्या काही मराठी चॅनेलांची महिन्याला पैसे देऊन मेंबरशिप घेतलीय. म्हणून विचारतात, फुकट दिसतंय की ओ, मग पैसे कशाला?

आधी ब्लॉकरचं सांगतो. रिटायर झालेले गुरुजी सर्चमध्ये बँकेचं नाव टाकतात, सगळ्यात वर जाहिरात येते, ती बँकेसारखी दिसणारी खोटी साइट निघते आणि गुरुजी तिथंच पासवर्ड टाकून मोकळे होतात. हे एवढं सर्रास चालतं की डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेनंच लोकांना सांगितलं, सर्च करताना ॲड ब्लॉकर वापरा. त्यामुळं ब्लॉकर लावणं म्हणजे चोरी, हे मला अजिबात मान्य नाही. मशीन माझं, त्यात काय उघडायचं ते मी ठरवणार.

पण जाहिरात अडवली की तिच्यामागचा माणूसही अडतो, हेही तितकंच खरं. यूट्यूबवर लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के क्रिएटरला मिळतात, शॉर्ट्सला ४५. मी ब्लॉकर लावला की माझ्याकडून त्याला शून्य. मेंबरशिपमध्ये मात्र ७० टक्के त्याच्याकडं जातात, म्हणून मी तो रस्ता धरला. ज्वारीवर पडलेली कीड शेतात उभं राहून मराठीत समजावून सांगणाऱ्याला कॅमेरा, पेट्रोल, एडिटिंग सगळं पदरचं घालावं लागतं, त्यानं थांबू नये असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यांनी द्यावेत असं मात्र मी म्हणत नाही. पूर्व भागात यंत्रमागावर राबणाऱ्याच्या पोरीनं एमपीएससीची लेक्चरं फुकट बघितली तर बघू दे, तिच्याकडून एक रुपया नको. ज्याला झेपतं त्यानं द्यावं, आणि झेपणारे आपल्याकडं कमी नाहीत, हुरडा पार्टीला किती उडवतात बघा.

आणि ब्लॉकर बनवणाऱ्याला पैसे द्यायचे का, असंही एकानं विचारलं. यूब्लॉक ओरिजिन हा फुकटचा ॲड ब्लॉकर बनवणारा रेमंड हिल देणगी मागतच नाही, तो म्हणतो फिल्टर लिस्ट, म्हणजे काय काय अडवायचं त्याच्या याद्या, सांभाळणाऱ्यांचा विचार करा.

बातम्यांच्या लहान साइटवर जाहिराती साध्या असतील तर तेवढ्या साइटपुरता ब्लॉकर बंद ठेवता येतो. मशीन घेऊन या, दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही.