दिगूला वेड का लागतं?

रविवार, रात्री साडेअकरा

आज लेकीबरोबर ‘सिंहासन’ पाहिला. माझी तिसरी खेप, तिची पहिली. जब्बार पटेलांचा १९७९ चा सिनेमा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. एवढंच तिला सांगितलं आणि गप्प बसलो.

सुरुवातीच्या निनावी फोनलाच ती सावरून बसली. तुम्हाला खुर्चीवरून खेचायचा कट शिजतोय, असं कुणीतरी मुख्यमंत्र्यांच्या कानावर घालतं. तिथून पुढे अरुण सरनाईकांचा जिवाजीराव शिंदे हसतो तेही तोलूनमापून. समोर श्रीराम लागूंचा अर्थमंत्री दाभाडे. आवाज कुणीच चढवत नाही, आणि तरी खोलीतली हवा जड होते. हे आजही जसंच्या तसं पोचतं.

काही गोष्टी मात्र जुन्या वाटल्या. बायकांच्या वाट्याला फार थोडं आलंय. तस्करीचा धागा घाईत उरकल्यासारखा वाटतो. आणि फोडाफोडीचा वेग! तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता, तरी एकेका माणसाला गाठायचं, चाचपायचं, आमिष दाखवायचं. १९८५ मध्ये कायदा आला, २००३ मध्ये एक तृतीयांश फुटीची पळवाटही बुजवली. त्यानंतर आपण काय पाहिलं? २०१९ चा पहाटेचा शपथविधी, २०२२ मधलं सुरत आणि गुवाहाटी. किरकोळीचा व्यवहार घाऊक झाला, एवढंच.

शेवटी तडजोड होते, खुर्ची शाबूत राहते आणि पत्रकार दिगू टिपणीसला वेड लागतं. तमाशापटांतला बेरकी खलनायक म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले निळू फुले इथे सिनेमाभर जवळजवळ नुसते बघत असतात. सगळ्यांशी ओळख, सगळीकडे ऊठबस, सगळं आधीच ठाऊक. आणि तोच माणूस कोसळतो.

लेकीनं विचारलं, “पण बाबा, त्यात वेड लागण्यासारखं काय आहे? असंच तर होतं ना?”

तिनं अगदी साधेपणानं विचारलं होतं. मला उत्तर देता येईना. तिला कळत्या वयापासून हेच दिसलंय, तिची काय चूक?

आता ती झोपल्यावर सुचतंय. दिगूला सगळं माहीत होतं, पण त्याच्या आत कुठेतरी अजून वाट पाहणं चालू होतं. दाभाडेच्या बंडातून नाही, तर निदान कामगार पुढारी डिकास्टाच्या माणसांमधून काहीतरी वेगळं निघेल, असं त्याला वाटत असणार. सिनेमातल्या गाण्याचे सुरेश भटांचे शब्द, ‘उषःकाल होता होता काळरात्र झाली’, आणि आशाबाईंचा तो आवाज त्याच वाट पाहण्याबद्दल आहेत. ज्याला उषःकालाची आस नाही, त्याला काळरात्रीचं काय वाटणार?

२०२२ मध्ये मी काय करत होतो, ते आठवलं. जेवताना हातात मोबाइल, किती आमदार कुठल्या हॉटेलात याची मोजदाद. ‘काय झाडी, काय डोंगार’ ऐकून पोट धरून हसलो आणि चार जणांना पाठवलं. एकदाही घास अडकला नाही.

मघाशी आवाज बंद करून शेवट पुन्हा पाहिला. नुसता निळूभाऊंचा चेहरा.

सकाळी ती परत विचारेल. तेव्हा दिगूबद्दल सांगण्याआधी तिला माझं ते हसणं सांगणार आहे.