आवशीक मुंबैक व्हरू काय?

गणपती गेले की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. परतीचं तिकीट काढलेलं असतं, विसरायला लागलेली आई पडवीत बसलेली असते आणि प्रश्न एकच: ‘आवशीक मुंबैक व्हरू काय?’ आईला मुंबईला नेऊ का? गाडी उद्याची, त्यामुळे उत्तरही हो की नाही एवढंच हवं असतं. मी उलट चार प्रश्न विचारते. म्हणून ‘ही बाई सरळ काय ता सांगणा नाय’ असा माझा लौकिक झालाय. तुम्ही विचारलंत म्हणून, आता एकदाच सगळं.

गणपतीत पाहिलेल्या आईवरून काही ठरवू नका. घर भरलेलं, स्वयंपाक दुसऱ्याच्या हातात, आरत्या तोंडपाठ. लहानपणापासून म्हटलेलं सगळ्यात शेवटी पुसलं जातं, तेव्हा आरती म्हणते म्हणजे बरी आहे हा हिशेब चुकीचा. उलटंही होतं: पाहुण्यांच्या गलक्यात, जागरणात, गोळ्यांच्या वेळा चुकून ती आहे त्यापेक्षा बिघडलेली दिसते. दिवाळीनंतर एखाद्या साध्या आठवड्यात चार दिवस या. गोळ्यांच्या पट्ट्यांत किती उरल्यात ते मोजा. टोपांचे तळ बघा. एकाच वाणाचे साबण किती साठलेत ते बघा. मग तिला चहा करायला सांगा आणि हात बांधून बसा. आधण ठेवून गॅस पेटवायचा राहतो, की साखर दोनदा पडते, की सगळं नीट होऊन शेवटी गॅस बंद करायचा राहतो? पहिल्या दोन्हींत चहा बिघडतो, तिसऱ्यात घर. एकटी राहू शकेल का, याचं अर्धं उत्तर त्या दहा मिनिटांत मिळतं.

विसरण्यामागे दुसरं काही नाही ना, त्यासाठीच्या तपासण्यांचं थोडक्यात: बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन. पडून डोक्याला मार लागला असेल तर सीटी स्कॅन, मार महिन्यापूर्वीचा असला तरी. कानातला मळ आणि मोतीबिंदू बघून घ्या. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपण फार लवकर विसराळू ठरवतो. आणि सर्दीची म्हणून मेडिकलमधून आणलेली क्लोरफेनिरामिनची गोळी बंद करा. म्हाताऱ्या मेंदूवर ती चांगलीच गोंधळ घालते.

आता मूळ प्रश्न. बरीच वर्षं मी ठाम ‘नेऊ नका’ म्हणायचे. कारण पक्कं होतं. नवं साठवायची शक्ती गेली तरी पायांना घर माहीत असतं. काळोखात उंबरठा कुठे, फळीवर मिठाची बरणी कुठे, हे आठवावं लागत नाही. घर बदललं की हा सगळा आधार एका रात्रीत जातो. हे कारण आजही खरं आहे. पण ते सांगताना त्या घरात दुसरं कोण आहे हे मी विचारत नसे. शेजारची वहिनी दुपारी डोकावते एवढ्यावर मी समाधान मानायचे. वहिनीलाही गुरं, बागायत, स्वतःचं घर असतं हे मला दिसत नव्हतं असं नाही, सोयीचं नव्हतं.

देवगड तालुक्यातल्या एका काकींचं सांगते. वय ७८. मुलगा डोंबिवलीला घेऊन गेला. चौथा मजला, लिफ्ट, वन बीएचके. गावच्या घरी संडास मागीलदारी. रात्री उठायचं, उजव्या हाताची भिंत धरायची, उंबरठा ओलांडायचा, दार उघडून बाहेर. पन्नासएक वर्षं हाच रस्ता. डोंबिवलीतही त्या उठत, उजव्या हाताची भिंत धरत आणि नेमक्या गॅलरीच्या सरकत्या दाराशी पोचत. बाथरूम डाव्या हाताला होतं, दार लावलेलं, आतला दिवा बंद. काकी गॅलरीत मोकळ्या होत. घरच्यांना वाटलं, ताबा सुटला. डायपर आले, त्यांनी ते ओढून काढले.

मुलाचा फोन आला. मी सांगितलं, संध्याकाळी सहानंतर पाणी आणि चहा कमी करा, दिवसाचं पाणी पाचच्या आत पुरं करा. यातलं पहिलं वाक्य पाळलं गेलं. नवराबायको दोघं साडेसातच्या लोकलला जाणारी, दिवसभर कामाला एक बाई. पाणी दिलं की दोन तासांनी उठवून न्यावं लागतं. पाणी न देणं सोपं. त्या बाईला मी दोष देत नाही. पाणी का द्यायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दहाव्या दिवशी पुन्हा फोन. आई दिवसा पेंगते, रात्री चादरीचे धागे उपटते, भिंतीवर माणसं दिसतात म्हणते. आणि मी काय म्हणाले? ‘जागा बदलली की होतं असं. दोन-तीन आठवडे द्या.’

हे वाक्य खोटं नाही. जागा बदलल्यावर पहिले आठवडे जड जातातच. पण ते अशा वेळी म्हणायचं नसतं. नव्या जागेत बावरलेलं माणूस घरी जायचंय म्हणतं, तिन्हीसांजेला येरझारा घालतं, रडतं. पण जागं असतं, तुमच्याकडे बघून बोलतं. काकींचं तसं नव्हतं. दोन-तीन दिवसांत एकदम बिघडलेलं, सकाळी एक आणि दुपारी दुसरंच, वाराचं नाव विचारलं तर उत्तर अर्ध्यात विरणारं. याला डेलिरियम म्हणतात. डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, महिन्यांनी वाढतो, हा तासांत-दिवसांत येतो, आणि बहुतेकदा मागे काहीतरी सापडतं: लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम घसरणं, पोटात साचलेला मळ, नवी गोळी, दुखणं. म्हातारपणी लघवीच्या संसर्गात ताप, जळजळ असेलच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टर, रक्त, लघवी, एवढंच सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. घरच्यांनी झोपेची गोळी आणली. दुसऱ्या रात्री काकी अर्धवट झोपेत उठल्या, उजव्या हाताची भिंत धरून गॅलरीत गेल्या आणि घसरल्या. खुबा मोडला. लघवीचा संसर्ग दवाखान्यात कळला.

फोनवर एवढंच कळतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. फोनवर ‘कधीपासून?’ हेही विचारता येतं.

तेव्हापासून पाण्याचं दुसरं वाक्य मी आधी सांगते. पेज, चहा, ताक धरून पाचच्या आत दीड लिटरच्या आसपास. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी बंधन घातलं असेल तर ते म्हणतील तेवढं. दर दोन तासांनी बाथरूमला न्यायचं; ‘जायचंय का?’ न विचारता ‘चला’ म्हणायचं. बाथरूमचं दार रात्री उघडं, आत दिवा, पलंग असा ठेवायचा की डोळे उघडल्यावर तो दिवा दिसेल. शक्य असेल तर गावच्यासारखा उजव्या हातालाच. दारातलं काळं पायपुसणं काढा, त्यांना तो खड्डा दिसतो. चकचकीत फरशी ओली वाटते. आरशातली बाई कोण म्हणून भांडण होत असेल तर आरशावर पडदा. नेताना रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसपेक्षा दिवसाची मांडवी बरी, आणि सोबत दोघं. गोधडी, रोजचा पेला, देवाचा फोटो आधी पोचलेला असावा.

आणि वाटणी करू नका. चार महिने थोरल्याकडे, चार धाकट्याकडे. भावांच्या दृष्टीनं न्याय असेल, तिला दर वेळी पहिल्यापासून सुरुवात.

गावी ठेवायचं तर बावीवर, म्हणजे विहिरीवर, लोखंडी जाळी आणि तिला कुलूप. फळी चालत नाही, ती उचलते. सिलिंडर घराबाहेर, म्हणजे रेग्युलेटर दुसऱ्याच्या हातात राहतो. पावसाळ्यात पायऱ्यांवरचं शेवाळ दर आठवड्याला ब्लीचिंग पावडरनं घासायचं. वीज गेली की आपोआप लागणारा दिवा, तोही बाथरूमच्या वाटेवर. पुढच्या-मागच्या दाराला घुंगरू. परकराच्या नेफ्याला आतून शिवलेला फोन नंबर. एसटीचे कंडक्टर, रिक्षा स्टँड, दुकानदार यांना स्पष्ट सांगायचं. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून लपवलेली आई तिठ्यावरून एसटीत बसली तर कुणी थांबवत नाही. हरवलीच तर पोलिसांत लगेच जा, २४ तास थांबावं लागत नाही.

हे सगळं केलं तरी रात्री तीन वाजता उठणारं कोण, हे उरतंच. ती जी कोण असेल, बहुतेक सूनच असते, तिला आधी विचारा की गेल्या आठवड्यात सलग पाच तास झोप किती रात्री मिळाली. उत्तर शून्य असेल तर गाव आणि मुंबई दोन्हीकडे आई पडणार. पगारी बाई ठेवायची तर रात्रीची ठेवा. सगळे दिवसाची ठेवतात.

काकींना तीन महिन्यांनी गावी आणलं. सून नोकरी सोडून सोबत आली. ते बरोबर झालं का, हे मला विचारू नका. तिच्या पगारातून जाणारा हप्ता आता कोण भरतं ते मला माहीत आहे. मला वाटलं होतं, निदान ‘माका घराक जावचा आसा’ हे तरी थांबेल. स्वतःच्याच घरात, दिवेलागणीला, वॉकर धरून दारात उभ्या राहून काकी तेच म्हणतात. कुठलं घर, माहेरचं की आणखी कुठलं, कोण जाणे. सून ‘हेच तुमचं घर’ असं समजावत नाही, आधी समजवायची. चपला घालते, त्यांना पुढच्या दारानं खळ्यात नेते, तुळशीला एक फेरी, आणि परत दारात येऊन म्हणते, ‘चला आई, इलव घराक.’

बऱ्याचदा काकी आत येतात. कधी उंबरठ्याशीच थांबून विचारतात, ‘ह्या कोणाचा घर?’