माजी विद्यार्थ्यांचे स्वतःचे सामाजिक संकेतस्थळ: वर्डप्रेसवर उभारताना

शाळेच्या माजी विद्यार्थी संघासाठी किंवा वाचनालयाच्या सभासदांसाठी स्वतःचे सामाजिक संकेतस्थळ उभारता येईल का, अशी विचारणा माझ्याकडे अधूनमधून होत असते. ते नक्की उभारता येते, आणि त्यासाठी लागणारी मुख्य साधने मुक्त स्रोत असून विनामूल्य मिळतात. मात्र वर्डप्रेससारखी आशय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे संकेतस्थळाचा मजकूर सांभाळणारे सॉफ्टवेअर, ही प्रामुख्याने लेख आणि पाने सांभाळण्यासाठी घडलेली असते. तिच्यावर माणसांचे परस्परसंबंध बसवू लागल्यावर सर्व्हरपासून नियमावलीपर्यंत जवळजवळ प्रत्येक निर्णय नव्याने घ्यावा लागतो, आणि हे सुरुवातीलाच समजून घेतलेले बरे.

वर्डप्रेससारख्याच ड्रुपल या दुसऱ्या प्रणालीचा उगम बेल्जियममधल्या अँटवर्पमधील विद्यार्थ्यांनी आपापसांत निरोप देण्यासाठी केलेल्या छोट्या स्थळातून झाला, त्यामुळे सदस्य आणि त्यांचे अधिकार ही कल्पना त्या प्रणालीत चांगली मुरलेली आहे. असे असूनही छोट्या संघटनेला मी वर्डप्रेस आणि त्याला सामाजिक सोयी जोडणारे बडीप्रेस हे प्लगइनच (मूळ प्रणालीला जोडायचे पूरक सॉफ्टवेअर) सुचवतो. वर्डप्रेस चालवू शकणारी व्यक्ती आज तालुक्याच्या गावीही सापडते, आणि उभारणारा माणूस पुढे उपलब्ध नसला तरी स्थळ चालू राहणे हे अशा कामात सर्वांत महत्त्वाचे असते.

बडीप्रेसची सुरुवात अँडी पीटलिंग यांनी केली आणि त्याची पहिली पूर्ण आवृत्ती एप्रिल २००९ मध्ये आली. याच्या सामर्थ्याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कमधले आहे. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क या विद्यापीठाची वीसहून अधिक महाविद्यालये शहरभर विखुरलेली आहेत, आणि एकाच विषयात काम करणारे प्राध्यापक व संशोधक विद्यार्थी एरवी एकमेकांना भेटण्याची शक्यता फारशी नसते. त्यांच्यासाठी २००९ मध्ये ‘अकॅडेमिक कॉमन्स’ हे स्थळ वर्डप्रेस आणि बडीप्रेसवर उभे राहिले. तिथे सदस्य आपली ओळख मांडतात, विषयवार गट काढतात आणि स्वतःचे छोटे स्थळही चालवतात. पुढे २०१२ मध्ये त्याच चमूने हा सगळा संच ‘कॉमन्स इन अ बॉक्स’ या नावाने सर्वांसाठी विनामूल्य खुला केला, आणि मॉडर्न लँग्वेज असोसिएशन या अमेरिकेतील भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या संघटनेने तो वापरून आपल्या सदस्यांचे स्थळ उभारले. या उदाहरणात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की आपापसांत बोलण्याची खरी गरज असलेली माणसे तिथे आधीपासून होती आणि स्थळ त्यांच्यासाठी नंतर आले.

बडीप्रेस बसवल्यावर त्याचे घटक स्वतंत्रपणे चालू-बंद करता येतात: विस्तृत ओळखपत्र (सदस्याची माहिती देणारे पान), मैत्री, खाजगी निरोप, घडामोडींचा प्रवाह, सूचना, गट. माजी विद्यार्थी संघाला माझा सल्ला असा, की ओळखपत्र, गट आणि घडामोडी एवढेच घटक सुरुवातीला चालू ठेवावेत. मैत्रीची विनंती पाठवणे आणि ती स्वीकारणे ही कवायत एकाच शाळेतल्या लोकांना अनावश्यक आहे. खाजगी निरोपांची सोय दिली, तर त्यातून होणाऱ्या त्रासाच्या तक्रारी ऐकून घेणारे कोणीतरी नेमावे लागते. गट मात्र विचारपूर्वक आखावेत. बडीप्रेसमध्ये गट सार्वजनिक, खाजगी किंवा पूर्णपणे अदृश्य ठेवता येतो. दहावीच्या वर्षानुसार खाजगी गट आणि गावानुसार सार्वजनिक गट ही रचना मला सर्वांत टिकाऊ वाटते, कारण वर्गमित्रांचे बोलणे आपापसांतले राहते आणि परगावी गेलेल्या माणसाला तिथला शाळेचा कोणी आहे का हे शोधता येते.

तांत्रिक बाजूला सर्वाधिक लक्ष वेगाकडे द्यावे लागते. वाचकांसाठी असलेल्या साध्या वर्डप्रेस स्थळावर एकदा तयार झालेले पान साठवून तेच हजारो लोकांना दाखवता येते, म्हणून स्वस्त सामायिक होस्टिंगवरही, म्हणजे अनेक स्थळांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवरही, ते सहज चालते. सामाजिक स्थळावर प्रत्येक जण लॉगिन केलेला असतो. त्याच्या सूचना वेगळ्या, त्याचे गट वेगळे आणि म्हणून त्याचे पानही वेगळे असते. साठवलेले पान इथे उपयोगी पडत नाही आणि प्रत्येक भेटीला डेटाबेस पुन्हा चाळावा लागतो. त्यात भर म्हणजे घडामोडींचे पान उघडे असेपर्यंत ब्राउझर ठरावीक काळाने सर्व्हरला काही नवे आहे का ते विचारत राहतो. म्हणूनच शंभर सदस्य एकाच वेळी आत आले की तेच होस्टिंग अपुरे पडू शकते. यावर उपाय म्हणजे स्वतंत्र छोटा सर्व्हर आणि रेडिससारखी साठवण, जी पूर्ण पानाऐवजी डेटाबेसच्या उत्तरांचे तुकडे हाताशी ठेवते. छायाचित्रांचे अल्बम बडीप्रेसच्या गाभ्यात, म्हणजे मूळ प्लगइनमध्ये, नाहीत. त्यासाठी पुण्याच्या आरटीकॅम्प या कंपनीचे आरटीमीडिया हे प्लगइन बऱ्याच जणांना ठाऊक असेल, पण ते बसवण्याआधी सर्व्हरवरील जागेचा हिशेब करावा.

मराठी स्थळ उभारताना दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. वर्डप्रेसमध्ये नोंदणीचे सदस्यनाव रोमन अक्षरांतच घ्यावे लागते, त्यामुळे @ चिन्ह लावून कोणाला हाक मारायची तर तीही रोमन नावानेच मारावी लागते. देवनागरी नाव दर्शनी नाव म्हणून दाखवता येते. दुसरी गोष्ट दुव्यांची. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचे असते आणि दुव्यात त्याची नऊ अक्षरे होतात. शीर्षकावरून बनणारा दुव्याचा भाग वर्डप्रेस २०० अक्षरांवर कापते. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी धरून जेमतेम २२ चिन्हे मावतात आणि लांब मराठी शीर्षक मध्येच तुटते. म्हणून महत्त्वाच्या पानांचे दुवे मी हाताने छोटे रोमन करतो. व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर ते वाचताही येतात.

नोंदणी सर्वांना खुली ठेवू नये. खुली ठेवल्यास यंत्राने तयार केलेली खोटी खाती येऊ लागतात आणि खऱ्या सदस्यांचा विश्वास उडतो. बडीप्रेसच्या १०व्या आवृत्तीपासून सदस्यत्वाची विनंती तपासून मंजूर करण्याची सोय गाभ्यातच आली आहे. माजी विद्यार्थी संघाने उत्तीर्ण झाल्याचे वर्ष आणि तुकडी विचारून प्रत्येक विनंती माणसाकडून तपासून घ्यावी. पुष्टीची ईमेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या, म्हणजे ईमेल खरोखर आपल्याच स्थळाकडून आल्याची खूण पटवणाऱ्या, नोंदी कराव्यात. ईमेलच पोहोचली नाही तर नोंदणी तिथेच थांबते, आणि वयस्कर सदस्य दुसऱ्यांदा प्रयत्न करतीलच असे नाही.

माहितीच्या जबाबदारीविषयी मी विशेष आग्रही आहे. ओळखपत्रातील प्रत्येक रकाना कोणाला दिसावा हे सदस्याला ठरवता येते, पण बहुतेक जण मूळ मांडणी बदलतच नाहीत. म्हणून मोबाइल क्रमांक आणि पत्ता ‘फक्त मी’ या पर्यायावर आपणच ठेवून द्यावा. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक धरली आहे. शाळेच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना आत घेण्याचा मोह होतो, तो या कारणासाठी टाळावा.

सदस्य सोडून गेला तर काय, हेही आधी ठरवायला हवे. वर्डप्रेसमध्ये २०१८ पासून वैयक्तिक माहितीची प्रत काढून देण्याची आणि ती माहिती पुसण्याची साधने आहेत आणि बडीप्रेस त्यांना जोडलेले आहे. खाते पुसले की त्या व्यक्तीच्या घडामोडीही जातात, आणि त्यांना इतरांनी दिलेली उत्तरे संदर्भाविना उरू नयेत अशी सदस्यांची अपेक्षा असते. त्यांचे काय करायचे, खाते किती दिवसांत पुसायचे आणि बॅकअपमधील प्रत केव्हा नष्ट करायची, हे संघाच्या कार्यकारिणीने ठराव करून लिहून ठेवावे आणि तो मजकूर नोंदणीच्या पानावर, ‘सामील व्हा’ या बटणाच्या वर दाखवावा.