संगणकाच्या पंख्याची घरघर आणि ऐन हंगामातले तीन आठवडे

देवगडच्या आमच्या घरी आंबा बागेचा सगळा हिशेब ज्या संगणकावर ठेवला जातो, तो २०१० साली घेतलेला आहे. त्यात कोअर टू ड्युओ ई७५०० हा प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप, असून हिशेबाचा प्रोग्रॅम फक्त विंडोज एक्सपीवर चालतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, म्हणून हे यंत्र इंटरनेटला जोडलेले नाही. परंतु कोणत्या दिवशी किती पेट्या गेल्या, वाशीच्या बाजारातून आलेली पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, किती रकमेची होती, गड्यांची मजुरी किती झाली, हे चौदा हंगामांचे सारे त्यातच आहे.

गेल्या एप्रिलच्या सुरुवातीला हा संगणक सकाळी चालू केल्यावर पाचेक मिनिटे घरघरायचा आणि मग आपोआप शांत व्हायचा. त्या शांत होण्यावर मी विसंबलो, ही माझी चूक झाली. आठवडाभरात आवाज दिवसभर टिकू लागला. स्वयंपाकघरातून आईने विचारले, “ह्या यंत्र गिरणीसारख्या कित्याक वाजता रे?” त्याच दुपारी पट्ट्या नोंदवताना एकेक आकडा उमटायला वेळ लागू लागला आणि थोड्या वेळाने पडदा काळा होऊन संगणक बंद पडला. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही उष्णता हटली नाही, तर यंत्र स्वतःला बंद करते. म्हणजे आवाज आणि संथपणा ही दोन वेगळी दुखणी नव्हती.

सर्वांत आधी मी बाजूचा पत्रा काढला, समोर टेबलफॅन लावला आणि हिशेबाच्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. हा उपाय तासाभरापुरताच ठीक आहे, कारण उघड्या पेटीत टेबलफॅन हवेबरोबर धूळही ढकलतो.

आत तीन पंखे होते: प्रोसेसरवरचा, मागच्या जाळीवरचा आणि एसएमपीएस या वीजपुरवठ्याच्या पेटीतला. वर्तमानपत्राची नळी करून एक टोक कानाला आणि दुसरे आळीपाळीने प्रत्येक पंख्याजवळ धरले, तेव्हा संशय प्रोसेसरवरच्या पंख्यावर गेला. खात्रीसाठी खोडरबर लावलेल्या पेन्सिलीने त्याचा मधला गट्टू क्षणभर हलकेच दाबला, आणि घरघर थांबली. एसएमपीएसचा पंखा वाजत असता, तर मी त्याला हात लावला नसता. वीज काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार साठून राहतो, म्हणून ती पेटी घरी उघडू नये.

वायर काढून, पॉवरचे बटण दोन-तीनदा दाबून मी यंत्र पडवीत आणले. पंख्याच्या चार स्क्रूंपलीकडे हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांवर धुळीचा एकसंध थर बसला होता. घराच्या भिंती जांभ्याच्या असल्यामुळे तो तांबूस होता आणि खाऱ्या दमट हवेने इतका घट्ट झाला होता की ब्रशने झटकण्याऐवजी तो चिमटीत धरून गोधडीच्या तुकड्यासारखा सोलून काढावा लागला. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवला, कारण हवेने तो भरधाव फिरला तर बुश, म्हणजे ज्यात पंख्याची आस फिरते ते नळकांडे, आणखी झिजतो. या साफसफाईने तापमान उतरले, पण आवाज राहिलाच. पाते बोटाने बाजूला ढकलले, तर ते किंचित डुगडुगत होते. बुश झिजला की आस वेडीवाकडी फिरते आणि घरघर सुरू होते.

मधला स्टिकर सोलून रबरी टोपण उचलले. आतले तेल वाळून काजळीसारखा राप धरला होता. शेजारच्या काकांनी खोबरेल सुचवले, परंतु खोबरेल कालांतराने चिकट होते आणि थंडीत थिजते; म्हणून शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले. पंखा इतका शांत झाला की दुरुस्ती पूर्ण झाली असे वाटले. नवव्या दिवशी घरघर परतली. झिजलेली धातू तेलाने भरून येत नाही. त्या नऊ दिवसांत नवा पंखा मागवायला हवा होता.

मग कणकवलीला जाऊन इंटेलचा नवा कूलर, म्हणजे हीटसिंक आणि पंख्याची जोडी, आणला आणि घरी येऊन पाहतो, तर त्याच्या खुंट्या मदरबोर्डच्या, म्हणजे प्रोसेसर बसवलेल्या मुख्य बोर्डाच्या, छिद्रांवर बसेनात. माझा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती खाच, एलजीए ७७५ प्रकारचा, ज्याची छिद्रे ७२ मिलिमीटरवर असतात. पुढच्या एलजीए ११५६ पासून ११५१ पर्यंतच्या सॉकेटांत हे अंतर ७५ मिलिमीटर आहे. केवळ तीन मिलिमीटरांचा फरक, पण त्यात जबरदस्ती केली तर बोर्ड मोडतो. दुकानात सॉकेटचे नाव मीच सांगितले नव्हते. योग्य कूलर कुरिअरने यायला पाच दिवस लागले, तोवर हिशेब वहीत लिहिला.

जुना कूलर काढण्याआधी संगणक काही मिनिटे चालवला, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी मधली वाळलेली पेस्ट सैल होते, आणि मग वीज तोडून चारही खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढल्या. हीटसिंक सरळ न उपटता थोडा डावीउजवीकडे पिळून सोडवला. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि मधोमध मसुराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली. नव्या खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या असतात. तीन ‘टक’ आवाज नीट आले, चौथा मला आल्यासारखा वाटला. चालू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, पाहिले, तर दोन मिनिटांत तापमानाचा आकडा ८५ अंशांच्या पुढे चढत होता. ताबडतोब बंद केले. बोर्डाच्या मागच्या बाजूने बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा तीन खुंट्यांची पांढरी टोके फाकून बाहेर आली होती आणि चौथे छिद्र रिकामे होते. हीटसिंक एका कोपऱ्यात केसभर उचललेला राहिला होता. तेवढी फट पुरते. पुन्हा पुसून, पुन्हा पेस्ट लावून, या वेळी बोर्डाला खालून हाताचा आधार देत चौथी खुंटी दाबली आणि मागून डोळ्यांनी खात्री केली.

त्यानंतर बायोसमध्ये आकडा ४६वर थांबला. पंख्याची वायर पात्यांना लागू नये म्हणून ती दोऱ्याने बांधली आणि पत्रा लावला. वहीतल्या पाच दिवसांच्या पट्ट्या त्याच रात्री नोंदवल्या. खोलीत फक्त छतावरच्या पंख्याचा आवाज होता.