पडलेला सबवूफर: चुंबकापासून ॲम्प्लिफायरपर्यंतच्या दुरुस्तीचा माझा अनुभव

सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, उंचावरून पडतो तेव्हा डोळ्यांना दिसणारी इजा बहुधा सर्वांत किरकोळ असते. पेटीचा कोपरा चेमटतो, रंगाचा पापुद्रा निघतो, जाळी वाकते. पण खरा मार आत बसतो, आणि आतही तो सगळीकडे सारखा बसत नाही. पेटी जमिनीवर आपटून जागच्या जागी थांबते, मात्र आतला जड भाग त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो आणि त्याला धरून ठेवणारा गोंद, स्क्रू किंवा सोल्डरचा सांधा सुटतो. सबवूफरमध्ये असे जड भाग मुख्यतः दोन: ड्रायव्हरमागचे (पेटीत बसवलेल्या, प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या स्पीकरमागचे) चुंबक आणि ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर, त्यांच्या खालोखाल फिल्टरचे मोठे कपॅसिटर. हा क्रम मनात धरून तपासणी केली म्हणूनच माझा सबवूफर वाचला, असे मला मनापासून वाटते.

आमचे घर सांगलीत, कृष्णेपासून फार लांब नाही. २०१९ चा महापूर पाहिल्यापासून आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागले, की ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट न पाहता आम्ही खालच्या मजल्यावरचे सामान माडीवर नेतो. अशाच एका पावसाळ्यात ओल्या जिन्यावर सबवूफर निसटला आणि पायऱ्यांवरून गडगडत खाली येऊन फरशीवर एका कोपऱ्यावर आपटला. दहा इंची ड्रायव्हर, कुठेही छिद्र नसलेली बंद पेटी आणि मागच्या पत्र्यावर बसवलेला ॲम्प्लिफायर अशी त्याची रचना आहे. पेटी हलक्या हाताने तिरपी केली तेव्हा आत काहीतरी सुटे खुळखुळले.

या वेळी घरातल्या प्रत्येकाला एकच इच्छा होते, ती म्हणजे प्लग लावून चालतो का ते पाहण्याची. ती आवरणे फार महत्त्वाचे आहे. खुळखुळणारी वस्तू धातूची असेल आणि ती सर्किट बोर्डावर जाऊन पडली असेल, तर वीज लावताच शॉर्ट होऊन आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात. ट्रान्झिस्टर गेले की एकदिश प्रवाह (डीसी) थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये, म्हणजे पडदा हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात, शिरतो आणि तीही जळते. दुसरा धोका असा, की कॉइल अडकलेली असेल तर ती हलू शकत नाही, हलली नाही तर तिला हवा मिळत नाही, आणि थोड्याशा आवाजातही ती तापून निकामी होते. म्हणजे पडण्याने जे मोडले नाही ते वीज लावल्याने मोडते.

मागच्या पत्र्याचे स्क्रू काढून ॲम्प्लिफायर बाहेर घेतला. प्लग काढलेला असला तरी मोठ्या कपॅसिटरांमध्ये वीज साठून राहू शकते, त्यामुळे १०० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर त्यांच्या टोकांना काही सेकंद धरून ती उतरवली आणि मल्टिमीटरने व्होल्ट जवळजवळ शून्यावर आल्याची खात्री केली. रेझिस्टरऐवजी स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढण्याची पद्धत अनेक जण वापरतात. तिने कपॅसिटर आणि बोर्डावरचे तांबे दोन्ही दुखावतात, म्हणून ती मला मान्य नाही. खुळखुळणारी वस्तू म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखालचा वॉशर होता. धक्क्याने बोल्ट ढिला होऊन पत्रा तिथे किंचित वाकला होता. भिंगाखाली बोर्ड पाहिला तेव्हा एका मोठ्या कपॅसिटरच्या पायाभोवती सोल्डरला बारीक गोल चीर पडलेली आणि त्याखालची तांब्याची टिकली उचललेली दिसली. नुसत्या डोळ्यांनी हे दिसलेच नसते.

आता ड्रायव्हर. त्याच्या दोन्ही वायरी काढून कॉइलचा रोध मोजला. ४ ओहमच्या ड्रायव्हरवर मीटर ३.४ दाखवत होता. ४ ओहमच्या कॉइलचा एकदिश रोध थोडा कमीच येतो, त्यामुळे हे वाचन योग्य होते आणि कॉइल तुटलेली किंवा जळलेली नाही हे ठरले. परंतु दोन्ही हातांची बोटे डस्ट कॅपभोवती (मधल्या घुमटाकार झाकणाभोवती) समान अंतरावर ठेवून कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, सरळ आत दाबला, तर तो केसभर हलून थांबला आणि आतून खरखर ऐकू आली. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवल्यावर चांगल्या ड्रायव्हरचा कोन स्पष्ट उडी मारतो. इथे नुसते ‘टिक’ झाले. मग मी चुंबकाची कड नीट पाहिली. वरची लोखंडी प्लेट आणि चुंबक यांच्यामध्ये जुन्या गोंदाची चंद्रकोरीसारखी रेघ एका बाजूला उघडी पडली होती, आणि ती बाजू पेटी ज्या कोपऱ्यावर आपटली त्याच्या बरोबर विरुद्ध होती. निदान इथे संपले. चुंबक सरकले होते.

ही बिघाडाची रीत समजून घेण्यासारखी आहे. कॉइल ज्या गोल फटीत वरखाली होते ती फट बाहेरून वरच्या प्लेटच्या भोकाने आणि आतून मधल्या लोखंडी खांबाने बनलेली असते, आणि कॉइलच्या दोन्ही अंगांना मिळणारी मोकळीक मिलिमीटरच्या अपूर्णांकात असते. फेराइटचे जड चुंबक आणि त्याला चिकटलेला हा खांब अनेकदा केवळ गोंदाच्या आधारावर वरच्या प्लेटला धरून असतात. गोंद सुटला की खांब एका अंगाला झुकतो, आणि एकदा झुकला की चुंबकीय ओढ त्याला त्याच बाजूला घट्ट दाबून धरते. मध्ये कॉइल चिमटली जाते. हाताने ढकलून तो परत मध्यावर आणता येत नाही. ड्रायव्हरचा सांगाडा मात्र सरळ होता, हे कडेवर पोलादी पट्टी आडवी-उभी ठेवून पाहिले. पत्र्याचा सांगाडा वाकला असता किंवा ओतीव ॲल्युमिनियमचा तडकला असता, तर पुढची मेहनत मी कुणाला सुचवली नसती.

नवा ड्रायव्हर घालावा असा सल्ला मला मिळाला होता. तो मी स्वीकारला नाही, कारण बंद पेटीचे घनफळ आणि ॲम्प्लिफायरमधली खर्ज वाढवण्या-घटवण्याची योजना ही मूळ ड्रायव्हरच्या गुणधर्मांनुसार ठरवलेली असते. केवळ दहा इंचांचा आणि ४ ओहमचा आहे म्हणून दुसरा ड्रायव्हर तिथे तसाच वाजेल असे नाही. म्हणून सांगलीतल्याच एका स्पीकर दुरुस्त करणाऱ्या वयस्कर कारागिराकडे गेलो. गणेशोत्सव तोंडावर आल्याने त्यांच्या दुकानात पंधरा आणि अठरा इंची स्पीकरांची रांग लागली होती. त्यांनी कोन एकदाच दाबला, कड पाहिली आणि म्हणाले, “सर, कॉइल जिवंत आहे. कोन बदलायचा नाही. मॅग्नेट जागेवर आणू, पण घाई करायची नाही.” मी म्हणालो, “चाचा, तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या, फक्त मला शेजारी बसून बघू द्या.” त्यांनी ते आनंदाने मान्य केले.

कोन आधी ओढून काढला असता तर चिमटलेली कॉइल खरवडली गेली असती, म्हणून त्यांनी प्रथम लाकडी हातोडीने चुंबकाच्या सरकलेल्या बाजूने हलके ठोके देऊन खांब थोडा मागे आणला. कॉइल मोकळी झाल्यावर पातळ पात्याने डस्ट कॅप कापली, स्पायडरच्या (कॉइलला मध्यावर धरणाऱ्या कापडी चकतीच्या) बाहेरच्या गोंदावर ब्रशने थिनर लावून तो मऊ केला, रबरी कड थिनर न लावता नुसत्या पात्याने हळूहळू सोडवली आणि वायरींचे सोल्डर काढून कोन, स्पायडर व कॉइल एकसंध उचलले. नंतर लाकडी पाचरी ठोकून चुंबक वरच्या प्लेटपासून अलग केले. फेराइट ठिसूळ असते, त्यामुळे इथे लोखंडी हातोडी चालत नाही. सुटे केल्याने त्याचे चुंबकत्व मात्र कमी होत नाही. जुन्या अल्निको (एका मिश्रधातूच्या) चुंबकांच्या बाबतीत ती भीती खरी आहे.

खांब पुन्हा बरोबर मध्यावर आणणे हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. त्यासाठी फटीत नेमका बसणारा पितळी नळीचा तुकडा लागतो. त्याचा आतला व्यास खांबावर आणि बाहेरचा व्यास प्लेटच्या भोकात बसावा लागतो, आणि पितळ अशासाठी की त्याला चुंबक ओढत नाही. चाचांच्या संग्रहातले एकही माप जुळेना, तेव्हा कुपवाड औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवर ते तयार करून घेतले. लोखंडाचे बारीक कण चिकटपट्टीने टिपून फट स्वच्छ केली, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरबरीत केले, सावकाश घट्ट होणारे अरल्डाइट पातळ थरात लावले, आणि पितळी नळीच्या वाटेने खांब सरळ खाली उतरवला. बोटे मध्ये सापडली तर चेंदा होईल इतकी ती ओढ असते. अरल्डाइट पूर्ण वाळेपर्यंत नळी काढली नाही.

कोन परत बसवताना खांब आणि कॉइलच्या नळीमध्ये जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार सारख्या पट्ट्या घातल्या, म्हणजे कॉइल आपोआप मधोमध राहते. कॉइलचे वेढे प्लेटच्या वर आणि खाली सारखे येतात का हे पाहून मग स्पायडर आणि रबरी कड चिकटवली. गोंद वाळल्यावर पट्ट्या काढल्या. कोन दाबला तर खरखर अजिबात नव्हती. नवी डस्ट कॅप सर्वांत शेवटी.

ॲम्प्लिफायरचे काम मी घरी केले. उचललेल्या तांब्याच्या जागी बारीक वायरचा पूल दिला, सर्व जड भागांचे सांधे नव्याने सोल्डर केले, कपॅसिटरच्या तळाशी गोंद भरला आणि पत्रा सरळ करून बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घातला. पहिल्यांदा वीज दिली ती ६० वॉटच्या बल्बच्या सिरीजमधून, म्हणजे वाटेत बल्ब जोडून, जेणेकरून शॉर्ट असला तरी प्रवाह मर्यादित राहावा. या कामाला तारेचाच बल्ब हवा, एलईडी चालत नाही. कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब लखलखला आणि लगेच मंदावला. तो तसाच तेजाने जळत राहिला असता तर कुठेतरी शॉर्ट आहे असा अर्थ होता. स्पीकर न जोडता आउटपुटवरचे एकदिश व्होल्ट मोजले, ते काही मिलिव्होल्ट होते. तिथे एखादा व्होल्ट जरी दिसला असता तरी ड्रायव्हर जोडला नसता.

चेमटलेल्या कोपऱ्यात पातळ फेविकॉल मुरवून तो शिकंज्यात दाबला, एवढेच. पण बंद पेटीचा आतला सांधा उघडला तर ती खर्जात फुसफुसते, त्यामुळे ४० हर्ट्झचा स्वर लावून सगळ्या कडांवरून पेटती उदबत्ती फिरवली. एका सांध्यापाशी धूर थरथरला. तो सांधा आतून भरला.

शेवटी मोबाइलमधून २० ते १२० हर्ट्झपर्यंतचे स्वर हळू आवाजात चढवत नेले. ४० च्या आसपास एक तडतड आली, ती कॉइलची नव्हती. आतली वायर पेटीला आपटत होती आणि बांधल्यावर थांबली. माझी खरी कसोटी मात्र तबल्याची. डग्ग्यावरचा घिस्सा, म्हणजे मनगट दाबून सरकवत काढलेला नाद, खालच्या स्वरांतून न थांबता सरकत जातो, त्यामुळे कॉइल कुठेही घासत असेल तर तिथे तो लगेच मळतो. एकल वादनाचे ध्वनिमुद्रण पूर्ण ऐकले आणि प्रत्येक घिस्सा गोल, स्वच्छ आला, तेव्हा मला फार आनंद झाला.

ड्रायव्हर परत देताना चाचांनी वरच्या प्लेटपासून चुंबकावरून मागच्या प्लेटपर्यंत पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ ओढून दिली होती. चुंबक पुन्हा तसूभर जरी सरकले तरी ती रेघ तुटलेली दिसेल. पेटीचे स्क्रू आवळताना मी ती दरवेळी पाहतो.