मालवाहू जहाजावरचा पाहुणा

मालवाहू जहाजावर बाराच प्रवासी नेता येतात. तेरावा चढला की आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ते प्रवासी जहाज ठरतं आणि सगळीच गणितं बदलतात. त्या बारांत मला जागा मिळाली. केबिनच्या दारामागे एक तक्ता लावलेला होता: धोक्याची घंटा कशी वाजेल, लाइफजॅकेट कुठे आहे, जमायचं कुठे.

जहाज निघाल्यावर लगेच सराव झाला. सात छोटे भोंगे, मग एक लांब. हा इशारा ऐकून सगळे मस्टर स्टेशनवर, म्हणजे ठरलेल्या जागी, जमले. थर्ड ऑफिसरने हजेरी घेतली. लाइफजॅकेटला दिवा आणि शिट्टी असते, कारण लाटांमध्ये माणसाचं डोकं काही अंतरावरूनसुद्धा दिसत नाही. थंड पाण्यासाठीचा इमर्शन सूट दोन मिनिटांत चढवता आला पाहिजे, असा नियम आहे. अंगापेक्षा मोठा, जाड, पायापासून डोक्यापर्यंत एकसंध पोशाख तो. माझी दोन मिनिटं झिप शोधण्यातच गेली असती, पण बोसनने मागून हात दिला. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम.

मला सगळ्यात आवडला तो डेकच्या कडेला पडलेला पांढरा पिंप. त्यात घडी घातलेला लाइफराफ्ट असतो. जहाज बुडायला लागलं आणि तो सोडायला कुणी पोहोचलंच नाही तर? त्याच्या पट्ट्याला एक छोटं यंत्र जोडलेलं असतं. ते दीड ते चार मीटर खोल गेलं की पाण्याच्या दाबानेच पट्टा सुटतो. पिंप वर येऊ लागतो, जहाज खाली जात राहतं, मधली दोरी ताणली जाते आणि त्या ओढीने गॅसची बाटली उघडून राफ्ट फुगतो. मग दोरीतला मुद्दाम कमकुवत ठेवलेला दुवा तुटतो, नाहीतर बुडतं जहाज राफ्टलाही ओढून नेईल. ब्रिजजवळचा, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीजवळचा, एपर्ब (संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) त्याच जातीचा: आपोआप सुटून तरंगतो आणि ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना हाक मारत राहतो, किमान ४८ तास. माणूस हजर नसेल हे आधीच धरून या वस्तू घडवल्यात. ज्याने कुणी हा विचार पहिल्यांदा केला, त्याला माझा नमस्कार.

रात्री ब्रिजवर जायची परवानगी मिळाली. आत मिट्ट काळोख, कारण बाहेरचं दिसायला हवं. जहाजाच्या डाव्या अंगाला, पोर्टला, लाल दिवा. उजव्या अंगाला, स्टारबोर्डला, हिरवा. समोरच्या जहाजाचे दोन्ही एकदम दिसले तर ते सरळ आपल्याच अंगावर येतंय. आपल्या उजवीकडून कुणी आडवं येत असेल तर त्याचा लाल दिसतो आणि वाट आपण द्यायची. सेकंड ऑफिसर दर थोड्या वेळाने एका दूरच्या दिव्याची दिशा होकायंत्रावर पाहत होता. दिशा बदलत नाही आणि अंतर मात्र घटतंय, म्हणजे टक्कर होणार. रडार समोर असूनही तो डोळ्यांनी बघत होता. मला ते पटलं.

मधले दिवस फक्त पाणी. वेग नॉटमध्ये, अंतर सागरी मैलात. एक सागरी मैल १,८५२ मीटर. नकाशाच्या कडेवर अक्षांशाचं एक मिनिट मोजलं की तोच मैल हाती येतो, त्यामुळे कंपासपेटीतला डिव्हायडर पुरतो.

बंदराबाहेर नांगर टाकला. साखळी शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल साडेसत्तावीस मीटरची. पाण्याच्या खोलीपेक्षा कितीतरी जास्त साखळी सोडावी लागते, म्हणजे तिच्या वजनाने ओढ आडवी राहते आणि नांगर तळात रुततो.

दुसऱ्या दिवशी पायलट, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणारा जाणकार, दोरशिडीने वर आला. त्याने आज्ञा दिली, "स्टारबोर्ड टेन." सुकाणी तेच मोठ्याने म्हणाला, आणि सुकाणू दहा अंशांवर पोहोचल्यावर पुन्हा म्हणाला. मग "मिडशिप्स", म्हणजे सुकाणू मधोमध, आणि पुन्हा तसंच.