ठकीने गिळलेलं कणीस

जुलैमधला रविवार, खडकवासल्याची चौपाटी. पाऊस नुसता भुरभुरत होता, निखाऱ्यावर कणसं भाजली जात होती आणि लोक दाणे खाऊन उरलेला दांडा बसल्या जागी भिरकावत होते. खोटं कशाला बोलू, पूर्वी मीही भिरकावलाय. आमच्या कुत्रीने, ठकीने, मान खाली घातली, दोनदा 'कडाक' वाजलं. मी तिचा जबडा उघडेपर्यंत तोंड रिकामं!

घरी आल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "मिठाचं पाणी पाज, ओकून टाकेल." पाजलं. ती ओकली नाहीच, वर दिवसभर माझ्याकडे संशयाने बघत राहिली. नंतर डॉक्टरांनी या उद्योगाबद्दल मला चांगलंच झापलं. रक्तात मीठ वाढलं की कुत्र्याला झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं, काकूंनी नाही.

पुढचे चार दिवस ठकी झकास. जेवली, खेळली, दूधवाल्यावर भुंकली. "पचलं बहुतेक," असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं. पण हा दांडा कुत्र्याला पचतच नाही. तो जठरात कितीही दिवस निवांत पडून राहू शकतो आणि मग एके दिवशी पुढे सरकून लहान आतड्यात अडकतो.

पाचव्या दिवशी पहाटे पिवळ्या पाण्याच्या उलट्या सुरू झाल्या. प्यायलेलं पाणीही ठरेना. मग तिने पुढचे पाय पसरले, छाती फरशीला टेकवली आणि मागचा भाग तसाच वर. मुलगा म्हणाला, "आई, ती खेळायला बोलावतेय." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण शेपटी हलत नव्हती, आणि ती तशीच राहिली, दोन-तीन मिनिटं. पोटात कळ आली की कुत्री अशी बसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

एक्सरेत कणीस दिसलंच नाही. हाडं, खडे, धातू दिसतात. कणीस, कापड, प्लास्टिक बहुतेकदा दिसत नाही. दिसलं ते गॅसने फुगलेलं आतडं. सोनोग्राफीत नक्की झालं आणि त्याच रात्री ऑपरेशन.

डॉक्टरांनी स्टीलच्या ट्रेमध्ये तो तुकडा दाखवला. जेमतेम माझ्या अंगठ्याएवढा. दाण्यांची घरं अजून तशीच, ओळीत. त्याच्याभोवतीचं आतडं जांभळं पडलं होतं म्हणे. आणखी उशीर झाला असता तर रक्तपुरवठा तुटून तेवढा भाग कापूनच काढावा लागला असता. उन्हाळ्यात त्यांच्याकडे आंब्याच्या कोयी गिळलेली कुत्री येतात, संक्रांतीला मांजा. मांजाचं टोक मागून लोंबताना दिसलं तरी ओढायचं नाही, आत आतडं चिरतं, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. मिठाच्या पाण्यानंतर त्यांचा माझ्यावर विश्वास उरला नसावा.

बाराव्या दिवशी टाके निघाले.

जुन्नरहून सासरे बघायला आले होते. सगळं ऐकून म्हणाले, "मळणीच्या बैलाला आम्ही मुसकं बांधायचो, कणसात तोंड घालू नये म्हणून. हिलाही बांधा." आणलं. जाळीचं आहे, त्यातून तिला पाणी पिता येतं, धापा टाकता येतात. परवा टेकडीवर एका आजोबांनी विचारलं, "चावते का हो?"

"नाही," म्हटलं, "खाते."